स्पेक्ट्रम म्हणजे कोणता स्पेक्ट्रम?

'ज्ञानेश्वरी'तील एखाद्या ओवीच्या आधारे कोणी भाषेविषयी विधान केले, की आपल्याकडचा बरा विद्यार्थीही पहिला प्रश्न विचारतो : पाठ कोणता? एकनाथांनी शके १५०६ मध्ये सिद्ध केलेल्या प्रतीच्या परंपरेतला, की राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या पोथीतला? या प्रश्नाला उत्तर नसलेल्या विधानाला आपण किंमत देत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र हाच विद्यार्थी, आणि त्याहून अधिक त्याचे प्राध्यापक, 'डिजिटल संहिता', 'संगणकीय कथन' अशा भारदस्त शीर्षकांखाली लिहू लागले की हा संस्कार कुठे जातो कोण जाणे. 'स्पेक्ट्रमवर हा कथाखेळ असा वाचला जाई', 'कमोडोर ६४ वर हे संगीत असे वाजे', अशी वाक्ये बिनदिक्कत लिहिली जातात. कोणता स्पेक्ट्रम? कोणता कमोडोर? प्रश्न सुचत नाही, आणि कोणी सुचवलाच तर 'ते हार्डवेअरवाल्यांचे काम' असे म्हणून तो झटकून टाकला जातो. माझे म्हणणे असे, की ते काम आपले आहे. आपल्याच शास्त्राचे आहे. ते आपण न केल्यामुळे जो पुरावा रोज नष्ट होत आहे, त्याच्या पापात आपलाही वाटा आहे.

आधी वस्तुस्थिती. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये जाहीर झाला. किंमत १६ के स्मृती असलेल्याची १२५ पौंड, ४८ के असलेल्याची १७५ पौंड. रबरी कळांचा, काळ्या पेटीतला, टीव्हीला जोडायचा हा घरगुती संगणक सर्वांना एकच वाटतो. पण पेटीचे स्क्रू काढून आत पाहिले, तर हिरव्या बोर्डावर छापलेले दिसते : 'इश्यू टू', 'इश्यू थ्री', 'इश्यू थ्री बी' आणि पुढे 'सिक्स ए'पर्यंत. हा 'इश्यू' शब्द योगायोगाने ग्रंथविद्येतलाही आहे. आवृत्ती, मुद्रण, इश्यू आणि स्थिती यांतला भेद आपण एम.ए.च्या वर्गात फळ्यावर लिहून देतो. सिंक्लेअरच्या अभियंत्यांनी तो शब्द आपल्यासाठी जणू तांब्यात कोरून ठेवला, तरी आपल्याला वाचता आला नाही.

बरे, हे भेद केवळ मांडणीचे आहेत असेही नाही. पहिल्या इश्यूतील मुख्य तर्कचिपमध्ये, जिला यूएलए म्हणतात, चूक राहून गेली होती. बोर्ड तयार झाले होते, चिपा तयार झाल्या होत्या, मागणीचा रेटा होता. मग एक छोटी चिप उलटी करून, पाय वर, तारांनी बोर्डाला जोडण्यात आली. जाणकार तिला 'मेलेले झुरळ' म्हणतात, आणि ती दिसतेही तशीच. दुसऱ्या इश्यूत यूएलए बदलली, तरी दुरुस्तीची गरज संपली नाही. तिथे प्रोसेसरच्या पायांना आडवा डाखलेला एक ट्रान्झिस्टर सापडतो. पोथीच्या समासात लेखनिकाने काकपद घालून वर लिहिलेले सुटलेले अक्षर ज्याने पाहिले आहे, त्याला ही वस्तू परकी वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की समासातली दुरुस्ती आपण पाठटीपेत नोंदवतो. ही मात्र बोर्ड 'नीटनेटका' करताना उपटली तरी कोणी ब्र काढत नाही.

आता स्मृतीच्या चिपांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

४८ के स्पेक्ट्रममध्ये स्मृतीचे दोन थर असतात. खालचे १६ के आठ चिपांचे, ४११६ जातीचे. या चिपांना तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट. वरचे ३२ केदेखील आठ चिपांचेच, आणि त्यांची कथा अर्थशास्त्राची आहे. त्या वेळी ६४ किलोबिट क्षमतेच्या चिपा महाग होत्या, आणि त्यांतल्या कित्येक अर्ध्याच बऱ्या निघत. सिंक्लेअरने या अर्ध्या बिघडलेल्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि त्यांचा धडका अर्धा भाग वापरला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ४५३२ चिपेवर शेवटी ३ किंवा ४ असा आकडा असतो. कोणता अर्धा भाग चांगला ते त्यावरून कळते. ओकी कंपनीच्या एमएसएम ३७३२ वर त्याच कामासाठी एच किंवा एल हे अक्षर. एका बोर्डावरच्या आठही चिपा एकाच बाजूच्या हव्यात, आणि ती बाजू कोणती हे बोर्डावरच्या जंपराने, म्हणजे तारेच्या एका लहानशा तुकड्याने, सांगायचे. स्वस्त संगणक घरोघरी पोचला तो कसा, या प्रश्नावर समाजशास्त्राची पाने भरता येतील. पण त्याचे उत्तर त्या एका आकड्यात आणि त्या तारेत आहे. आज दुरुस्ती करणारा गृहस्थ आठही चिपा काढून त्या जागी पूर्ण धडधाकट ४१६४ चिपा बसवतो. यंत्र उत्तम चालते. तारेचा तो तुकडा मात्र निरर्थक होऊन बसतो, आणि पुढे कोणीतरी तो काढून टाकतो.

चिपेवर आणखी एक ओळ असते. चार आकडी. '८३३२' असे दिसले तर १९८३ सालचा ३२ वा आठवडा. आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते : शके अमुक, तिथी अमुक, अमक्याने लिहिले. ही चिपेची पुष्पिका. तिच्याजवळ कधीकधी गावाचेही नाव असते : मलेशिया, सिंगापूर, टेक्सासच्या काही चिपांवर एल साल्वादोर. लेखनिकाचे नाव मात्र कुठेच नाही. ज्या हातांनी त्या चिपा जोडल्या, त्यांना या पुष्पिकेत जागा मिळाली नाही. आणि पोथीच्या पुष्पिकेइतक्याच सावधपणे ही वाचावी लागते. बहुतेक कारखाने वर्ष आधी आणि आठवडा नंतर लिहितात. कमोडोरच्या एमओएस चिपांवर आठवडा आधी येतो. तिथे '३८८४' म्हणजे १९८४ चा ३८ वा आठवडा. पहिल्या रीतीने वाचायला जावे तर ३८ सालचा ८४ वा आठवडा निघतो, म्हणजे वाचणारा निदान थबकतो. पण जिथे दोन्ही वाचने शक्य वाटतात तिथे अनुभव नसलेला माणूस हमखास फसतो. शक आणि संवत यांत गोंधळ करून पोथी शतकभर मागे-पुढे नेणाऱ्या संशोधकांची परंपरा आपल्याला काही नवी नाही.

या चार आकड्यांवरून काय सिद्ध होते? एकट्या चिपेवरून फार थोडे. पण बोर्डावरच्या सगळ्या मूळ चिपांचे आकडे मांडले, की त्यांतला सर्वांत अलीकडचा आकडा बोर्ड जोडण्याची अलीकडची सीमा ठरवतो; त्याआधी तो जोडला गेलेला असू शकत नाही. एखादीच चिप चार वर्षांनी उशिराची निघाली, तिच्या पायांचा डाख इतरांहून वेगळा चकाकत असला, खाली सॉकेट असले, तर तो प्रक्षेप. हे सारे शास्त्र सुकथनकरांच्या शिष्यांना शिकवायची गरज आहे काय? भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात बाराशेहून अधिक हस्तलिखिते जमवून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सुकथनकरांनी १९३३ च्या प्रस्तावनेत ज्या शिस्तीने प्रतींची कुळे लावली, तिच्या शतांश शिस्तीने जरी आपण एका बोर्डाकडे पाहिले असते तरी पुरे होते.

आणि त्यातून निघते ते क्षुल्लक नसते. एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या इश्यूच्या १६ के बोर्डांवर वरच्या स्मृतीसाठी मोकळी सॉकेटे असत. पैसे जमले की ग्राहकाने चिपा आणून त्यांत बसवाव्यात. आता समजा, खालच्या थराचे आकडे १९८२ च्या अखेरचे आहेत आणि वरच्या थराचे १९८४ च्या मध्याचे. याचा अर्थ या यंत्राचा मालक निदान १९८४ च्या मध्यापर्यंत १६ केवर होता. टॉल्किनच्या कादंबरीवरून मेलबर्न हाउसने १९८२ साली काढलेला 'द हॉबिट' हा कथाखेळ ४८ केशिवाय चालत नसे. म्हणजे या घरात तो १९८४ च्या मध्यापूर्वी वाचला गेलेला नाही. वाचकाचा इतिहास, वाचनाची भौतिक परिस्थिती, वर्ग आणि साक्षरता या विषयांवर आपण केवढे बोलतो! इथे एका अनाम वाचकाच्या ऐपतीचा आणि त्याच्या वाचनाच्या मर्यादेचा तारीखवार पुरावा सोळा चिपांवर छापलेला आहे. तो वाचायला स्क्रूड्रायव्हर आणि भिंग लागते, एवढेच.

'पण यंत्र हे साधन आहे, संहिता नव्हे,' हा ठरलेला आक्षेप. तो घेणाऱ्यांनी डी. एफ. मॅकेन्झी यांची १९८५ सालची पॅनिझी व्याख्याने एकदा पुन्हा चाळावीत. संहितेची व्याख्या त्यांनी तेव्हाच ध्वनिमुद्रणापर्यंत आणि संगणकातल्या माहितीपर्यंत नेली होती. पण मोठ्या नावांचा आधार सोडून देऊ आणि प्रत्यक्ष पाठच पाहू.

स्पेक्ट्रममध्ये २५४ क्रमांकाच्या पोर्टवरून कळफलक वाचला जातो. कोणतीच कळ दाबलेली नसताना दुसऱ्या इश्यूचे यंत्र साधारणतः २५५ हे मूल्य देते, तिसऱ्या इश्यूचे १९१. फरक ६४ चा. म्हणजे कळांशी संबंध नसलेल्या एका बिटाचा. ज्या लेखकांनी आपल्या समोरच्या यंत्रावर २५५ पाहिले आणि तेच 'कळ दाबलेली नाही' याचे लक्षण मानून खेळ लिहिला, त्यांच्या खेळाला तिसऱ्या इश्यूवर वाटते की कोणीतरी कळ सतत दाबून धरली आहे. कॅसेट तीच, अक्षर न् अक्षर तोच प्रोग्राम, आणि दोन बोर्डांवर दोन निराळ्या कृती. याला पाठभेद म्हणायचे नसेल तर दुसरा शब्द सुचवावा.

कमोडोर ६४ चे उदाहरण तर कानांना ऐकू येणारे आहे. त्यातील ध्वनीची चिप आधी ६५८१ होती. १९८७ च्या सुमारास आलेल्या आखूड बोर्डावर, ज्याचा क्रमांक २५०४६९ आहे, ८५८० आली. ६५८१ मध्ये एक विद्युतदोष होता, त्यामुळे आवाजाची पातळी बदलताना टिकटिक होई. कल्पक लोकांनी त्या दोषाचाच उपयोग करून मुद्रित मानवी आवाज वाजवले. नव्या चिपेत दोष दुरुस्त झाला आणि ते आवाज जवळजवळ ऐकू येईनासे झाले. १९८४ च्या 'इम्पॉसिबल मिशन' या खेळात खलनायक बोलतो. जुन्या बोर्डावर खणखणीत, नव्यावर पुटपुटल्यासारखा. ज्या समीक्षकाने तो नव्या बोर्डावर ऐकला आणि खलनायकाच्या 'मौना'वर परिच्छेद लिहिला, त्याच्या परिच्छेदाचे काय करायचे? शिवाय ६५८१ मधला ध्वनिगाळक चिपेगणिक थोडाथोडा वेगळा. म्हणजे एकाच नावाच्या दोन प्रतीही सारख्या नाहीत. शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओच्या प्रती समोरासमोर ठेवून चार्ल्टन हिनमन यांनी १९६३ साली जे दाखवले, की छपाई चालू असताना दुरुस्त्या होत राहिल्याने प्रतीप्रतीत भेद आहेत, ते इथे नव्याने लागू पडते.

तिसरा पुरावा कायम स्मृतीच्या चिपेचा. कमोडोरच्या कर्नाल चिपेवर ९०१२२७ हा क्रमांक असतो आणि त्याला ०१, ०२ किंवा ०३ असे शेपूट. ०२ ची चिप पडदा पुसताना रंगाची स्मृती पार्श्वभूमीच्याच रंगाने भरते. त्यामुळे मासिकात छापलेला एखादा छोटा प्रोग्राम अक्षर थेट पडद्याच्या स्मृतीत टाकू लागला, तर अक्षर उमटते पण दिसत नाही, निळ्यावर निळे. ०३ वर तेच अक्षर चालू अक्षररंगात दिसते. कमोडोरच्या बेसिकमधल्या एकाच ओळीवर दहा लेखकांनी मिळून लिहिलेला 'टेन प्रिंट' हा ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि आपल्या परिसंवादांत त्याचे नाव घेतले जाते. एका ओळीचे इतके सूक्ष्म वाचन मान्य असेल, तर ती ओळ ज्या चिपेवर वाचली जाते तिच्या शेपटाचे दोन आकडे लिहून ठेवण्यात कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक : 'आता मूळ यंत्राची गरजच काय? एम्युलेटर आहे.' हा आक्षेप घेणाऱ्याने एम्युलेटरची मांडणीची यादी कधी उघडलेली नसते. स्पेक्ट्रमच्या 'फ्यूज'मध्ये दुसऱ्या इश्यूचा कळफलक हवा का, असा पर्याय आहे. कमोडोरच्या 'व्हाइस'मध्ये ६५८१ की ८५८०, हे निवडावे लागते. ही यादी म्हणजे छापील आवृत्तीच्या तळाशी असते ती पाठभेदांची पट्टी. ती कोणीतरी मूळ बोर्ड उघडून, मोजून, तुलना करून तयार केली आहे. एम्युलेटर चिकित्सक आवृत्ती असेल तर बोर्ड ही तिची हस्तलिखिते. आवृत्ती निघाली म्हणून हस्तलिखिते रद्दीत घालावीत, असे भांडारकर संस्थेच्या दारात उभे राहून म्हणण्याची छाती कोणाची आहे?

हौशी दुरुस्तीकारांविषयीही बोलले पाहिजे, कारण माझा रोख त्यांच्यावर आहे असा समज होईल. तसा तो अर्धाच आहे. वर सांगितलेले सारे ज्ञान, इश्यूंच्या याद्या, शेपटांचे अर्थ, कोणत्या कारखान्याच्या चिपा आधी मरतात याचा अनुभव, हे सगळे त्यांनी जमवले. विद्यापीठांनी नाही. त्यांना ओळख नीट पटवावीच लागते, कारण चुकीच्या वाचनाची शिक्षा तिथे तत्काळ मिळते : ४११६ आणि ४१६४ दोन्ही सोळा पायांच्या, दिसायला जुळ्या बहिणी, पण पहिलीच्या जागी दुसरी बसवली तर तिच्या ५ व्होल्टच्या पायाला १२ व्होल्ट मिळतात आणि ती जळते. चुकीचा पाठ लावल्याने आपल्यापैकी कोणाचे बोटही भाजल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा त्यांच्या विद्येचा मान राखूनच म्हणतो, की 'पुनरुज्जीवन' या गोंडस नावाखाली जे चालते, त्यात पुष्कळदा पुरावा मारला जातो. पेटी एकीची, बोर्ड दुसऱ्याचा, चिपा तिसऱ्याच्या, आणि वर 'अस्सल १९८२' अशी चिठ्ठी. पेटीवर तर विश्वास ठेवूच नये : सिंक्लेअरने १९८४ साली स्पेक्ट्रम प्लस काढला तेव्हा जुना बोर्ड नव्या पेटीत घालण्याचा संचही विकला होता. जुन्या पोथीला नवी बांधणी. त्यात पुन्हा बाजारात घासून नवे आकडे छापलेल्या बनावट ध्वनिचिपा आल्या आहेत. बनावट ताम्रपटांशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना हा प्रकार कळेल.

चिप मेली तर बदलावी लागणारच. बंद पडलेले यंत्र न उघडता येणाऱ्या पोथीसारखे. ते तसेच ठेवा असे मी म्हणत नाही. पण संपादक पाठ बदलतो तेव्हा मूळ पाठ तळटीपेत देतो. तेवढेच इथे मागणे आहे.

आणि आता घरचा आहेर. हा विषय इंग्लंड-अमेरिकेचा आहे खरा, पण संपूर्णपणे नाही. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पात ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो भारतातल्या शाळांमध्ये आले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने भारतात स्पेक्ट्रम प्लस विकायला काढला. बीबीसी मायक्रोच्या बोर्डांनाही इश्यू क्रमांक आहेत, आणि १६ केचे मॉडेल ए चिपा वाढवून ३२ केचे करता येई. म्हणजे वर सांगितलेले सारे प्रश्न तिथेही लागू. आपल्याकडे या यंत्रांचे काय होते? डेडस्टॉक रजिस्टरात 'संगणक, १ नग' अशी नोंद, मग निर्लेखनाचा ठराव, मग भंगारवाला. एका महाविद्यालयात अशाच एका नगाचा बोर्ड निर्लेखनापूर्वी उघडून त्याचे छायाचित्र तरी घ्यावे, अशी विनंती मी केली होती. 'मराठी विभागाचा याच्याशी संबंध काय?' असा लेखी शेरा अर्जावर मारून तो परत आला. शेरा मारणारे गृहस्थ हस्तलिखितशास्त्रात पीएच.डी. आहेत.

संबंध काय, ते वर लिहिले आहे. मागणी फार मोठी नाही. ज्याला अशा यंत्रावरच्या कृतीविषयी लिहायचे आहे, त्याने बोर्डाचा इश्यू किंवा जोडणीक्रमांक, ध्वनीच्या आणि कायम स्मृतीच्या चिपांवरचे आकडे, आणि एम्युलेटर वापरला असल्यास त्यातला निवडलेला पर्याय लिहावा. मार्गदर्शकाने त्याशिवाय प्रबंध पुढे पाठवू नये. ज्याच्या हाती बोर्ड आहे त्याने दुरुस्तीपूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक चिपेवरची ओळ जागेसह उतरवावी, आणि काढलेल्या चिपा फेकू नयेत. मेलेल्या ४५३२ वरचा ३ किंवा ४ हा आकडा ती मेल्यावरही वाचता येतो. कागदाच्या पुडीत घालून, तारीख टाकून, त्याच पेटीत ठेवाव्यात.